बाईचं हृदय: पहिल्या तपासणीपासून बायपासनंतरच्या घरापर्यंत

जगभरात बायकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे आहे. भारतातही चित्र तेच आहे. तरी आपल्या घरांत हृदयविकार म्हटलं की वडील, काका, मामा आठवतात. आईच्या छातीत जळजळलं तर ते पित्त असतं, मावशीला जिना चढताना दम लागला तर ते वजन असतं, आणि काकूला धडधडलं तर तिचा स्वभावच काळजीखोर असतो. या समजुतींमुळे आजार उशिरा सापडतो आणि उपचारही उशिरा सुरू होतात.

हा लेख या वाटेवर नवीन असलेल्यांसाठी आहे. तुम्हाला नुकतंच बीपी किंवा शुगर निघाली असेल, आईला छातीत दुखून गेलं असेल, किंवा पाळी जाण्याचं वय जवळ आलं असेल आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर खालच्या क्रमाने चला. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यापुढे काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि कशासाठी थांबायचं नाही, हे तुमच्या हातात आहे.

पहिली पायरी: बाळंतपणाची फाइल शोधा

हृदयाची तपासणी ईसीजीपासून सुरू होते असं बहुतेकांना वाटतं. बाईच्या बाबतीत ती त्याच्या कितीतरी आधी, गरोदरपणात सुरू झालेली असते. त्या नऊ महिन्यांत हृदयाला रोजच्यापेक्षा खूप जास्त रक्त फिरवावं लागतं. शरीराला तो ताण झेपला की नाही याची नोंद त्या फाइलमध्ये असते. बाळ घरी आलं की ही फाइल कपाटाच्या तळाशी जाते आणि वीस वर्षांनी हृदयाचे डॉक्टर तिच्याबद्दल विचारतही नाहीत. म्हणून ती तुम्हीच काढा.

तिच्यात काय बघायचं? गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, लघवीतून प्रथिनं जात होती का, झटके आले होते का. असं झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळंतपणानंतर बीपी उतरलं म्हणून प्रश्न मिटला असं समजू नका; दरवर्षी बीपी मोजलं गेलं पाहिजे. गरोदरपणात शुगर वाढली होती का तेही बघा. वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करावी, आणि नंतरही एक ते तीन वर्षांनी शुगर बघत राहावी. पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता अशा बायकांत कितीतरी पटींनी जास्त असते. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर तेही लिहून ठेवा.

आता एक कोरी वही घ्या आणि बाकीच्या गोष्टी उतरवा. पीसीओडी आहे का. आमवात किंवा ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार आहे का. या आजारांतला दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. स्तनाच्या कर्करोगावर केमो किंवा छातीच्या डाव्या बाजूला रेडिएशन घेतलं आहे का. त्यातली काही औषधं हृदयाचा स्नायू कमकुवत करू शकतात, म्हणून ठरावीक काळाने टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का.

आणि पाळी कधी गेली. भारतात ती साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. चाळिशीच्या आत गेली असेल तर धोका आधीच सुरू झाला असं धरा, कारण रक्तवाहिन्यांना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं जे संरक्षण असतं ते तितक्याच लवकर कमी होतं. गर्भाशयाची पिशवी काढताना अंडाशयंही काढली तर तेच घडतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमली गेली. तिशीतल्या बायकांनी, पाळीमुळे मजुरी बुडू नये म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्या प्रश्नाची चर्चा गर्भाशयापाशीच थांबली याचं मला वाईट वाटतं. यांतल्या ज्या बायकांची अंडाशयंही गेली, त्यांच्या हृदयाकडे पुढची तीस वर्षं कोणीतरी लक्ष द्यायला हवं. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिचं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल आत्ताच तपासून घ्या. डिस्चार्ज कार्डावर अंडाशयं काढली की ठेवली ते लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: आकडे जमवा

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कंबर आणि हिमोग्लोबिन एवढे पाच आकडे पुरेत.

बीपी मोजण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळली नाही तर आकडा खोटा येतो. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत असावा. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळून तिच्यावर पट्टा बांधू नका. सैल बाहीचा कपडा घालून जा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, नाहीतर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. वेगवेगळ्या दिवशी मोजून ते १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. औषध सुरू झाल्यावर बहुतेकांत ते १३०/८० च्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो.

उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असावी. १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं आणि दुसऱ्या तपासणीतही तेच दिसलं, तर मधुमेह. इथे जरा थांबून सांगते. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकारापासून काही प्रमाणात संरक्षण असतं, पण मधुमेह झाला की ते बरंचसं निघून जातं. पुरुषाला मधुमेहाने जितका धोका वाढतो, त्याहून बाईचा जास्त पटीने वाढतो. त्यामुळे ‘थोडीशी शुगर आहे’ असं म्हणून ती सोडून देऊ नका.

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बघा. हृदयविकार नसलेल्या साधारण व्यक्तीत ते १०० च्या आत असावं, हृदयविकार झालेल्या बाईत ७० च्या आत, आणि काही डॉक्टर त्याहूनही खाली आणतात. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) बायकांत ५० च्या वर हवं. घरात कमी वयात झटके आले असतील तर आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए या आनुवंशिक चरबीची तपासणीही करून घ्या. कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी. वजनकाट्यापेक्षा मी कंबरेच्या टेपवर जास्त विश्वास ठेवते, कारण आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं ही ठेवण फार दिसते आणि पोटातली चरबीच जास्त घातक असते.

हिमोग्लोबिन या यादीत का? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की दम लागतो, धडधडतं, थकवा येतो, आणि हृदयाचा आजार असला तरी हेच होतं. त्यामुळे लोहाच्या गोळ्या देऊन बाईला घरी पाठवलं जातं. हिमोग्लोबिन १२ च्या वर येऊनही दम कायम राहिला तर इको करायला सांगा.

पैशांची अडचण असेल तर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्यांना दिवस माहीत असतो.

तिसरी पायरी: मशेरी, चूल आणि ताट

सगळ्यात आधी तंबाखू. ‘घरात कोणी सिगारेट ओढत नाही’ असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत सकाळी मशेरी लावली जाते. तव्यावर भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळली की निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी वाढतं. डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का, आणि बाई खरेपणाने नाही म्हणते, कारण मशेरी तिच्या लेखी दात घासणं असतं. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगा. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, शौचाला साफ न होणं हे होतं, ते ओसरतं. शौचाला होत नाही म्हणून पुन्हा मशेरीकडे वळणाऱ्या खूप जणी असतात, त्यांनी डॉक्टरांकडून साधं पोट साफ होण्याचं औषध घ्यावं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

चुलीचा धूरही रक्तवाहिन्यांना तंबाखूच्या धुरासारखाच त्रास देतो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅस घरात आला, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच राहिली. निदान चूल उघड्यावर न्या, आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्या बाईला चुलीपुढे बसवू नका.

ताटाबद्दल लांबलचक तक्ता देण्यात अर्थ नाही. मराठी घरातला साधा स्वयंपाक, म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, आमटी, उसळ, पालेभाजी, ताक, कोशिंबीर, हा हृदयासाठी चांगलाच आहे. बिघडतो तो मीठ आणि तेलाने. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, ठेचा, सुकट, खारे बोंबील यांतलं मीठही आलं. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. घरात किती माणसं आणि महिन्याला किती तेल आणता, भागाकार करून बघा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. बेकरीची खारी, बटर, नानकटाई रोज चहासोबत नको.

बाई काय खाते यापेक्षा कधी आणि कशी खाते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांचं झाल्यावर तिने उरलेला भात संपवायचा, भाजी संपली तर लोणच्याशी पोळी खायची, टाकवत नाही म्हणून तळलेलं संपवायचं. डाळ आणि उसळीची वाटी तिच्या ताटात पहिल्यांदा पडली पाहिजे. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

उपवास मोडायला कोणी सांगत नाही. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि शेंगदाण्याचे लाडू एका दिवसात खाल्ले तर त्यापेक्षा रोजचं जेवण बरं. भगर, राजगिरा, रताळं, ताक, फळं यांवर उपवास होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हरतालिका किंवा नवरात्राआधी डॉक्टरांना विचारा. उपाशी पोटी गोळी घेऊन शुगर घसरणं धोक्याचं आहे. बीपीची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायचीच.

सणावारी पाळी पुढे ढकलण्याची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, हृदयाचा आजार असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखण्याची अर्धशिशी असेल तर ती घातक ठरू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच आहे: पस्तिशीनंतर तंबाखूचं धूम्रपान किंवा चढं बीपी असताना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात.

चालण्याबद्दल एकच. घरकामात व्यायाम होतो असं सगळ्या म्हणतात. कष्ट होतात हे खरं, पण हृदयाला हवा असतो तो सलग, थोडा दम लागेल असा वेग. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. ही अर्ध्या तासाची वेळ घरच्यांनी बाईला मोकळी करून द्यायची असते, नुसता सल्ला देऊन ती मिळत नाही.

चौथी पायरी: लक्षणं ओळखा

बायकांना छातीत दुखत नाही असा एक उलटा समज हल्ली पसरला आहे. तो खरा नाही. झटका आलेल्या बहुतेक बायकांनाही छातीत त्रास होतोच. फक्त त्या त्याला दुखणं म्हणत नाहीत. दडपण येतं, आवळल्यासारखं होतं, जड वाटतं, जळजळतं, असं म्हणतात. आणि त्यासोबत इतर गोष्टी पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतात: दम लागणं, मळमळ किंवा उलटी, दरदरून घाम, जबडा, मान, दोन्ही खांदे किंवा पाठीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा. मधुमेह असलेल्या बाईला छातीत काही न होता नुसता दम आणि घाम येऊ शकतो.

पित्त की हृदय हे घरी बसून खात्रीने ठरवता येत नाही. तरी काही खुणा आहेत. चालताना, जिना चढताना, पाण्याचा हंडा उचलताना त्रास सुरू होतो आणि थांबलं की ओसरतो, तर तो अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचा त्रास, असण्याची शक्यता मोठी. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बसल्याजागी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारा त्रास, सोबत घाम किंवा दम, ही तातडीची वेळ. ईनो किंवा सोडा पिऊन वाट बघू नका.

पाचवी पायरी: त्या क्षणी काय करायचं

१०८ ला फोन लावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे, गोव्यातही हाच क्रमांक आहे. ती यायला फार वेळ लागणार असेल तर कुणाची तरी चारचाकी घ्या. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, जिना उतरवताना चालवू नका, खुर्चीत बसवून उतरवा.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव झालेला नसेल आणि तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं अशी पक्षाघाताची लक्षणं नसतील, तर ३०० ते ३५० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी फक्त आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, आणि बसवून द्या, कारण तिने बीपी एकदम उतरतं.

बाई कोसळली, हाक मारून ओ देत नाही आणि श्वास नीट चालू नाही, तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. रस्त्यात किंवा बाहेर कोसळलेल्या बाईला पुरुषांच्या तुलनेत सीपीआर, म्हणजे असं छाती दाबणं, कमी वेळा मिळतो, हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. लोक छातीला हात लावायला बिचकतात. बिचकू नका. पदर, ओढणी, मंगळसूत्र बाजूला करा आणि दाबा.

बायका दवाखान्यात पुरुषांपेक्षा उशिरा पोहोचतात हेही अभ्यासांतून वारंवार पुढे आलं आहे. आपल्याकडे त्याची कारणं प्रत्येक घराला ठाऊक आहेत: मुलांचा डबा, गॅसवरचं दूध, रात्री कुणाला उठवायचं, ‘हे’ आल्यावर बघू. बंद झालेल्या रक्तवाहिनीपुढचा स्नायू त्या वेळात मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

सहावी पायरी: दवाखान्यात

छातीच्या त्रासासाठी आलेल्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. निघाला नाही तर मागा. पहिला ईसीजी आणि पहिली ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आली तरी त्रास चालू असेल तर दोन्ही काही वेळाने पुन्हा करावी लागतात. ‘टेन्शन आहे, झोपेची गोळी देतो’ असं कोणी म्हटलं तर शांतपणे विचारा की दुसरी ट्रोपोनिन कधी करायची. १९९१ मध्ये अमेरिकेच्या डॉ. बर्नाडिन हीली यांनी लिहिलं होतं की बाईला पुरुषासारखे उपचार मिळण्यासाठी तिला आधी पुरुषासारखाच आजार आहे हे सिद्ध करावं लागतं. परिस्थिती सुधारली आहे, पण हा प्रश्न अजूनही विचारावा लागतो.

मोठा झटका असेल तर दोन मार्ग असतात. जवळ कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेली खोली, असेल तर थेट अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने उघडणं), नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवणं. तालुक्याच्या ठिकाणी दुसरा मार्ग योग्य असतो. कॅथलॅबपर्यंत पोहोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील तर इंजेक्शन तिथेच घ्या. गोव्यात आरोग्य केंद्रांतून ईसीजी पाठवून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या सल्ल्याने हे इंजेक्शन देण्याची सोय ‘स्टेमी’ (मोठा झटका) प्रकल्पात झाली.

संमतीच्या कागदावर शुद्धीत असलेली सज्ञान बाई स्वतः सही करू शकते. गावाहून दीर येईपर्यंत अँजिओप्लास्टी थांबवून ठेवायची गरज नसते.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार लागतं, क्रमांक १५५३८८. तातडीच्या वेळी कागद नंतर आणून देता येतात का, हे विचारा. स्टेंटच्या, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा औषधी स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती आणि अधूनमधून थोडी बदलते. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

अँजिओग्राफीत ‘ब्लॉक नाही’ असं आलं तर? सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी विचारा की मग त्रास कशामुळे झाला. बायकांमध्ये हे प्रसंग जास्त येतात. मोठ्या वाहिन्या मोकळ्या असूनही त्यांच्यापुढच्या, अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक वाहिन्या नीट रुंदावत नाहीत; शेताचा मोठा पाइप वाहता असावा आणि ठिबकच्या नळ्या तुंबाव्यात, तसं. कधी वाहिनीचं आतलं अस्तर आपोआप फाटतं. हे तरुण बायकांत, बाळंतपणाच्या आसपासही होतं आणि त्यात बहुधा स्टेंटपेक्षा औषधं व विश्रांती बरी पडते. आणि कधी जबर मानसिक धक्क्यानंतर, घरात मृत्यू झाल्यावर, हृदयाचा खालचा भाग एकाएकी ढिला पडून फुगतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेला हा ताकोत्सुबो आजार पाळी गेलेल्या बायकांत सर्वाधिक दिसतो आणि बहुतेक जणींत काही आठवड्यांत हृदय पूर्ववत होतं. या तिघांनाही औषधं आहेत. ‘काही नाही’ हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका.

झडपांचा आजार आणि गरोदरपण

हा भाग तरुण मुलींसाठी आहे, कारण त्यांचा हृदयविकार बऱ्याचदा वेगळा असतो. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग गुडघे, घोटे, कोपर एकामागून एक सुजतात, आणि त्या वातज्वराने हृदयाची झडप आतून जाड होत जाते. डावीकडची मायट्रल झडप अरुंद होण्याचा आजार मुलींत जास्त दिसतो. भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी १९५४ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात हृदयरोगाचा दवाखाना सुरू केला. वातज्वरातून होणाऱ्या या हृदयविकारावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. एवढ्या वर्षांनंतरही पहिल्या गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात धाप लागून हा आजार पहिल्यांदा सापडणाऱ्या मुली आहेत.

म्हणून लग्नाआधी किंवा मूल होऊ द्यायच्या आधी, लहानपणी सांधे सुजले होते का हे विचारा आणि शंका असल्यास टूडी इको करा. निदान झालं तर दर तीन आठवड्यांचं पेनिसिलीनचं इंजेक्शन चुकवू नका. ते किती वर्षं चालेल हे डॉक्टर सांगतील, काहींना चाळिशीपर्यंत लागतं. अरुंद झडप फुग्याने उघडता येते. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आयुष्यभर असते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) वेळेवर तपासावा लागतो, आणि यातल्या काही गोळ्या गर्भाला इजा करतात. मूल हवं असेल तर आधी हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर दोघांना एकत्र भेटा. दिवस गेल्याचं कळल्यावर गोळी परस्पर बंद करणं हे सगळ्यात धोक्याचं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बीपीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत, त्या वेळेत बदलून घ्याव्या लागतात.

शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत आडवं पडलं की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, पाय सुजतात, तर ते बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडू नका. हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा एक आजार याच काळात होतो आणि इकोमध्ये तो लगेच दिसतो.

सातवी पायरी: घरी आल्यावर

झटक्यानंतर किंवा स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत दुसरी एक गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, साधारण वर्षभर असते. ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पाळी चालू असलेल्या बायकांना या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो आणि त्या लाजून कोणाला न सांगता गोळी सोडतात. सांगा, रक्तस्राव कमी करण्याचे मार्ग आहेत. दात काढतानाही आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या हृदयाच्या रक्षणासाठी घ्यायच्या नसतात, २००२ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने ते स्पष्ट केलं. अकाली पाळी गेलेल्यांचा हिशेब वेगळा असतो, तो स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करा. आणि कोणताही आजार नसताना, रोजची ॲस्पिरिन शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर भरलेली कळशी, मोठा कुकर, गव्हाचा डबा, नातू उचलायचा नाही. पाट्यावर वाटणं, कणीक मळणं, धुणं पिळणं नाही. पुरुष रुग्ण घरी येतो तेव्हा त्याला वाढणारं कोणी असतं. बाई घरी येते तेव्हा पाचव्या दिवशी ओट्यापाशी उभी असते. डिस्चार्जच्या आधीच स्वयंपाक, पाणी आणि धुणं कोण करणार हे घरात नावानिशी ठरवा. छातीची जखम ओढली जाऊ नये म्हणून पुढून उघडणारी, तार नसलेली, मऊ ब्रा दिवसरात्र घालायला सांगतात. याची सूचना वॉर्डात कोणी दिली नाही तर नर्सताईंना विचारा.

हृदय कमकुवत असेल तर रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर अंगात पाणी साचतंय, त्याच दिवशी फोन करा. रुग्णालयात हृदयाच्या पुनर्वसनाचा वर्ग असेल तर जा. बायका तिथे कमी जातात आणि ज्या जातात त्यांना फायदा होतो. झोप न लागणं, रडू येणं, कशातच मन न लागणं हे झटक्यानंतर खूप जणींना होतं आणि त्यावर उपचार घेतले तर हृदयाचे उपचारही नीट चालतात. पती-पत्नीचे संबंध पुन्हा कधी सुरू करायचे हेही विचारा. दोन मजले जिना त्रास न होता चढता येऊ लागला की बहुतेकींना परवानगी मिळते.

आईला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तिच्या मुलींचं आणि बहिणींचं बीपी, शुगर आणि लिपिड याच महिन्यात करून घ्या. विशीतली मुलगी असली तरी.